आधी पावसाळा, मग शिरस्त्राण

दापोली, मंडणगड, खेड, महाड या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर बहुधा एक काळी पत्र्याची ट्रंक असते. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. आत खाकी कापड, पितळी बकलाचा पट्टा, दोन-चार बिल्ले, क्वचित पगडीचा तुरा. जुन्या लष्करी पोशाखाचं सामान जमवायच्या या छंदात मी आले ती माझ्या सासऱ्यांच्या अशाच ट्रंकेतून. नंतर जे नवे संग्राहक भेटले त्यांतल्याही बऱ्याच जणांची सुरुवात घरातल्या एखाद्या बिल्ल्यापासून झालेली होती.

मग मोबाइलवर जर्मनांचा टोकदार टोप दिसतो, ब्रिटिश पलटणींची निळी हेल्मेटं दिसतात, घोडदळाचे तुरे दिसतात आणि हात शिवशिवायला लागतात. नेमकं तिथेच थांबायला हवं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि खाडीवरून येणारा वारा सोबत मीठ घेऊन येतो. युरोपातल्या कोरड्या कपाटात शंभर वर्षं धडधाकट राहिलेलं चामडं आपल्याकडे एका आषाढात पांढरं पडतं. म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी जागा तयार करायची, तिच्यावरून एक पावसाळा जाऊ द्यायचा आणि मगच पहिली वस्तू आणायची.

पहिली पायरी: एक पावसाळा काहीही न घेता

आर्द्रता दाखवणारी छोटी डिजिटल घड्याळं स्वस्तात मिळतात. तीन आणा. एक माळ्यावर ठेवा, एक माजघरात आणि एक ज्या कपाटात संग्रह ठेवायचा विचार आहे त्यात. मृग लागल्यापासून घटस्थापनेपर्यंत सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. हवेतली आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते; ४० च्या खाली गेली तर चामडं कोरडं पडून तडकतं. आपल्याला ४५ ते ५५ च्या आसपास राहायचं आहे. कोकणातल्या घरात जुलैमध्ये हा आकडा आपोआप मिळणार नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळेल.

वही भरत असताना घरही कळत जातं. जांभ्याची भिंत पाणी पिते आणि पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस ओल सोडत राहते, त्यामुळे कपाट भिंतीला टेकवायचं नाही. निदान चार बोटं अंतर ठेवायचं. कौलांखालचा माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो आणि पावसात गळतो. ट्रंका वर्षानुवर्षं तिथेच राहत आल्या, पण आतलं सामान काळं पडायला तोच माळा कारणीभूत आहे. सगळ्यात बरी जागा घराच्या मधल्या खोलीत असते, जिथे एकही भिंत थेट बाहेरच्या पावसाला सामोरी जात नाही.

कपाट रंगवलेलं लोखंडी घ्या. प्लायवूड आणि त्याहून एमडीएफमधून वर्षानुवर्षं आंबूस वाफा निघत राहतात. बंद दाराआड त्या पितळ काळवंडवतात आणि शिशाच्या जुन्या बिल्ल्यांवर पांढरी पूड आणतात. फळ्यांवर धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड अंथरा. खळ राहिली तर कसर लागलीच म्हणून समजा.

आर्द्रता खेचणारं विजेचं यंत्र चांगलं असतं, पण आपल्याकडे पावसात दोन-दोन दिवस वीज जाते. सगळा भरवसा त्याच्यावर टाकता येत नाही. मी प्रत्येक नाजूक वस्तू रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक डब्यात, सिलिका जेलच्या कापडी पुरचुंड्यांसह ठेवते. रंग बदलणारे दाणे घ्यावेत, म्हणजे ओल शोषून भरले की दिसतं. मंद आचेवर लोखंडी तव्यात हलवत तापवले की पुन्हा कामाला येतात. हा तवा स्वयंपाकाला परत वापरायचा नाही. डबे भरायचा दिवस मात्र नीट निवडायचा. मे महिन्यात किनाऱ्यावरची हवा दमट असते. पौष-माघात, थंडीच्या कोरड्या दुपारी डबा बंद केला तर आत कोरडीच हवा राहते.

हे सगळं मी पुस्तकी काळजीपोटी सांगत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात आमच्या घराची अर्धी कौलं उडाली. ओटीच्या भिंतीवर खुंटीला एक सोला हॅट (वनस्पतीच्या गाभ्याची हलकी साहेबी टोपी) टांगलेली होती, सासऱ्यांच्या काकांची. छप्पर झाकून होईपर्यंत दोन दिवस गेले. तेवढ्यात तिचा गाभा फुगला, थर सुटे झाले आणि उचलायला गेले तेव्हा हातात लगदा आला. आतली चामडी पट्टी आणि वरचं कापड एवढंच वाचलं. ती डब्यात असती तर आज असती.

काय जमवायचं ते ठरवा

सगळंच आवडतं म्हणणाऱ्याकडे पाच वर्षांनी अडगळ जमा होते. एक धागा धरा. माझ्या मते कोकणातल्या माणसासाठी सगळ्यात जवळचा धागा मराठा पलटणींचा आहे. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्री या रेजिमेंटचं मूळ १७६८ मध्ये उभ्या राहिलेल्या मुंबईच्या शिपाई पलटणीपर्यंत जातं. १९२२ च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या जुन्या मराठा पलटणी एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. त्यातल्या १०३, ११० आणि ११७ या तीन पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. आपल्या गावांतल्या संगमरवरी फलकांवर, या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले आणि इतक्यांनी प्राण दिले, असं कोरलेलं असतं; त्यांतले कितीतरी जण याच पलटणींतले. महाड तालुक्यातल्या आंबवड्याचं तर नावच फौजी आंबवडे पडलं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; माणगावात त्यांचा पुतळा आहे. महार पलटणीचा धागाही इथलाच. मुंबई लष्करातले कितीतरी पेन्शनर दापोली कॅम्पात येऊन राहिले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह दापोलीतच होते. महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात.

या धाग्यात पगडीचं कापड, कुल्ला (पगडीच्या आतली टोकदार टोपी), तुरे, बिल्ले, खांद्यावरची पितळी अक्षरं, कमरबंद, क्रॉस बेल्ट (छातीवरून तिरका जाणारा पट्टा), बँडपथकाचे पट्टे आणि ड्रम मेजरची काठी असं पुष्कळ काही येतं. खर्च आवाक्यातला राहतो आणि माहिती विचारायला जिवंत माणसं भेटतात.

परदेशी हेल्मेटंच हवी असतील तर निदान दोन घराणी नीट समजून घ्या. पहिलं प्रशिया या जर्मन राज्याचं पिकेलहाउबे, म्हणजे तोच टोकदार टोप. राजा चौथा फ्रीडरिक विल्हेल्म याने १८४२ मध्ये ते आणलं. उकळून कडक केलेल्या चामड्याचा टोप, पितळी कडा, वर टोक आणि समोर गरुडाचं मोठं पान, म्हणजे टोपावरचा पसरट बिल्ला. तोफखान्याच्या टोपावर टोकाऐवजी गोळा असतो. १९१५ च्या नमुन्यात पितळ जाऊन करडं पोलाद आलं आणि टोक काढता-घालता येऊ लागलं. १९१६ पासून खंदकांत पोलादी हेल्मेट आलं आणि याचा काळ सरला. दुसरं घराणं ब्रिटिशांच्या निळ्या होम सर्व्हिस हेल्मेटचं. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर त्यांची छाप सगळीकडे पडली आणि १८७८ मध्ये ब्रिटिश पायदळानेही टोकाचं हेल्मेट घेतलं. सांगाडा बुचाच्या लाकडाचा, वर गडद निळं कापड. लाइट इन्फन्ट्रीसाठी तेच कापड गडद हिरवं. उन्हासाठीच्या वोल्सली घाटाचं पांढरं हेल्मेट ब्रिटनच्या रॉयल मरीन्सच्या बँडपथकाच्या डोक्यावर आजही दिसतं.

अस्सल डोळ्याखालून घाला

फोटो पाहून नजर तयार होत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातलं शस्त्रदालन, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय इथे जाऊन एकेका वस्तूसमोर दहा-दहा मिनिटं उभं राहा. सावंतवाडीकडच्या लोकांना आंबोली घाटाने बेळगाव जवळ आहे. तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात रेजिमेंटचं संग्रहालय आहे. लष्करी आवार असल्यामुळे परवानगीची चौकशी करूनच निघावं. पाहताना पुढून कमी आणि बाजूने जास्त पाहा: कड कशी दुमडली आहे, टाके किती जवळ आहेत, पितळाचा रंग कोपऱ्यात कसा आहे.

हातात आल्यावर काय तपासायचं

पहिली नजर मुकुटावर. ब्रिटिश बिल्ल्यावरचा मुकुट हेच त्याचं कॅलेंडर. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये गेली. त्यानंतर घुमटासारखा वर चढणारा ट्यूडर मुकुट आला आणि तो १९५३ च्या राज्याभिषेकापर्यंत राहिला. त्यानंतर एलिझाबेथ राणीचा, मधोमध दबलेल्या कमानींचा मुकुट आला. म्हणजे विक्रेता 'बोअर युद्धातलं (१८९९-१९०२, दक्षिण आफ्रिका) हेल्मेट' म्हणत असेल आणि मुकुट मधोमध दबलेला, चकचकीत, १९५३ नंतरच्या घडणीचा असेल तर हात आखडता घ्यावा. दबलेल्या कमानी व्हिक्टोरियाच्या काळच्या बिल्ल्यांवरही दिसतात, म्हणून एकट्या मुकुटावर निकाल देऊ नका. पितळ, मागची अडकवण आणि झीज सोबत पाहा. आता आणखी एक सावधगिरी हवी. तिसऱ्या चार्ल्स राजाने २०२२ मध्ये पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला आहे, त्यामुळे ट्यूडर म्हणजे जुनंच, हा हिशेब पुढे चालणार नाही.

भारतीय बिल्ल्यांसाठी तारीख आणखी स्वच्छ आहे. २६ जानेवारी १९५० पासून मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. आणि मराठा पलटणींच्या जुन्या बिल्ल्यांवर इंग्रजीत 'मराठा' हा शब्द मधे एक 'एच' आणि दोन 'टी' घालून लिहिलेला असतो. आजच्या सरळ लेखनाचा बिल्ला कोणी १९१४ चा म्हणून दाखवू लागला तर शांतपणे परत द्या.

पिकेलहाउबेला हात लावताच दोन गोष्टी कळतात. अस्सल उकळलेलं चामडं टणक असतं, बोटाच्या पेराने टिचकी मारली की लाकडासारखा आवाज येतो. वरच्या काळ्या रोगणावर वयाने केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात. नवीन नकलेचं चामडं मऊ दबतं, रंगाचा वास येतो आणि मळ सगळीकडे सारखा फासलेला असतो. खऱ्या वापराचा मळ सारखा नसतोच. तो कपाळाच्या पट्टीवर, हनुवटीच्या पट्ट्याच्या टोकांशी आणि पकडायच्या जागी असतो. समोरचं पान आतून पाहा. शिपायाच्या टोपात पानाच्या मागे झाळून जोडलेल्या कड्या असतात, त्या चामड्यातून आत येतात आणि चामड्याच्या खुंट्यांनी अडकवलेल्या असतात. अधिकाऱ्याच्या टोपात आटे पाडलेले खिळे आणि नट दिसतात. आत चार भोकं असून दोनच वापरात असतील तर हे पान मूळचं नाही, दुसऱ्या टोपावरून आणून बसवलेलं आहे. अशी जोडकामं बाजारात पुष्कळ फिरतात. दोन्ही भाग जुनेच असल्याने नवखा माणूस नेमका त्यातच फसतो.

पान वाचायला शिका. प्रशियाच्या गरुडावर 'मिट गॉट फ्यूर क्योनिग उंट फाटरलांट' अशी पट्टी असते, म्हणजे देवाच्या साथीने राजासाठी आणि पितृभूमीसाठी. बव्हेरियाच्या पानावर 'इन ट्रॉय फेस्ट', निष्ठेत अढळ. टोपाच्या उजव्या बाजूला जर्मन साम्राज्याची काळी-पांढरी-तांबडी चकती आणि डाव्या बाजूला त्या-त्या राज्याच्या रंगांची चकती, ही व्यवस्था १८९७ पासूनची. पान बव्हेरियाचं आणि चकती प्रशियाची असेल तर कुठेतरी हात फिरलेला आहे. मानेवरच्या पाळीच्या आतल्या बाजूला कारखान्याचा, पलटणीचा आणि वर्षाचा ठसा शोधा. कधी कधी तो दिव्याच्या तिरप्या उजेडातच दिसतो.

सोला हॅटच्या बाबतीत नावापासूनच गोंधळ आहे. 'सोला'चा सूर्याशी काही संबंध नाही. शोला नावाच्या पाणथळीतल्या वनस्पतीचा हा गाभा. भेंडाचं बाशिंग ज्यांनी हातात धरलं आहे त्यांना तो पिसासारखा हलका स्पर्श लगेच ओळखू येईल. याच घाटाची वोल्सली हेल्मेटं पुष्कळदा बुचाच्या लाकडाची असतात. ती जड लागतात आणि आतून खरखरीत असतात. बुचाचं थोडं भिजलं तर वाचतं, सोला वाचत नाही. कोकणात दोन्हींतलं एक निवडायचं असेल तर माझं मत उघड आहे.

नकला कुठून येतात, हेही माहीत असावं. जगभर विकल्या जाणाऱ्या सजावटी हेल्मेटांपैकी पुष्कळ आपल्याच देशातल्या कारखान्यांत बनतात. त्यात वाईट काही नाही, नाटकाला आणि शोभेला ती चांगलीच. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरताना तीच वस्तू 'इंग्रज साहेबाच्या बंगल्यातून आली' म्हणून समोर आली तर मात्र गोष्ट विकत घेऊ नका, वस्तू घ्या. सहा फोटो मागा: पुढून, मागून, आतून, आतली पट्टी उलटून, पानाची मागची बाजू आणि हनुवटीच्या पट्ट्याचे हुक. आतला फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी आजवर काही घेतलेलं नाही.

परदेशातून मागवत असाल तर पार्सलवर खरी किंमत आणि खरं वर्णन लिहायला सांगा, नाहीतर कस्टममध्ये वस्तू अडकते. आणि ते दसऱ्यानंतर पाठवायला सांगा. जुलैमध्ये पुठ्ठ्याचं खोकं घाटातून येतानाच ओलं होतं.

गावातल्या घरांतून घेताना

या भागावर मी जास्त बोलणार आहे.

आपल्याकडे संग्राहकाला वस्तू बाजारात नाही, माणसांच्या घरात सापडतात. त्या घरात आपण पाहुणे असतो. मी जाते तेव्हा पहिल्या भेटीत विकत घेण्याचा विषय काढत नाही. 'आजोबा कुठल्या पलटणीत होते?' एवढंच विचारते आणि ऐकते. एकदा एका वाडीत नातवाने मला मुद्दाम बोलावलं, बिल्ले आणि पगडीचं कापड विकायचं होतं. बोलणं चालू असताना त्याची आजी आतून आली, कापड मांडीवर घेतलं आणि न बोलता त्याच्या निऱ्या घालू लागली. नवरा सुट्टीवर आला की पगडीचं कापड तीच धुऊन, ताणून, चुण्या घालून द्यायची. माप तिच्या हातात होतं. नातवाने ते कधी पाहिलंच नव्हतं. मी काही घेतलं नाही. तिच्या हातांचे फोटो काढले, ती सांगत गेली ते लिहून घेतलं आणि पुढच्या खेपेला त्यांना एक डबा आणि सिलिका जेल नेऊन दिलं. पगडी अजून त्याच घरात आहे. माझ्या वहीत त्या पगडीची पाच पानं आहेत, आणि तीही मी संग्रहातच धरते.

पदकांचं तर स्पष्टच सांगते: घरच्यांना अर्थ कळायच्या आत पदक विकत घेऊ नका. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती कड भिंगातून घरच्यांना वाचून दाखवा. मग त्यांना द्यायचं असेल तर द्यावं, योग्य किमतीला, लेखी पावतीसह. माणूस युद्धात गेला असेल तर राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या ऑनलाइन नोंदींत नाव शोधता येतं, पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही मिळतं. मेसोपोटेमियात गेलेल्या आणि कबर नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांची आठवण बसऱ्याच्या स्मारकात आहे. नोकरीच्या कागदांसाठी घरच्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा रस्ता दाखवावा. हे काम संग्राहकाचं नाही असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. नाव हरवलेला बिल्ला म्हणजे नुसतं पितळ.

कायद्याचं थोडक्यात

शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. तलवार हा परेडच्या सामानाचा भाग असला तरी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांत येतं. घ्यायच्या आधी पोलीस ठाण्यात विचारा. बँडमधले मोठा ढोल वाजवणारे पूर्वी बिबट्याचं किंवा वाघाचं कातडं अंगावर घेत. तसं कातडं आणि हस्तिदंती मुठी यांच्या वाटेला जाऊ नका, वन्यजीव कायद्याने त्यांचा व्यवहार गुन्हा आहे. जुना गणवेश अंगावर चढवून मिरवू नये; सैनिक असल्याचा भास करून देणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली येतं. आणि कायदा नसता तरी ते करू नये.

साफसफाई, म्हणजे बहुतेक वेळा न करणं

माझी पहिली मोलाची खरेदी म्हणजे एका अधिकाऱ्याच्या हेल्मेटचं सोन्याचं पाणी दिलेलं पान. गणपतीच्या आधी घरातली समई, तांब्या, निरांजनं घासायला काढली होती, आणि मी ते पान त्याच फळीवर विसरले. जाऊबाईंनी हौसेने सगळ्यासोबत तेही आमसुलाने घासून लख्ख केलं. लख्ख झालं ते खालचं पितळ. सोनं आमसुलासोबत मोरीत गेलं. चूक त्यांची नव्हती, घरात पितळ असंच घासतात. तेव्हापासून संग्रहाच्या कपाटाला कुलूप आहे आणि घरात सगळ्यांना ते का आहे हे माहीत आहे.

तर नियम असा: आमसूल, चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, ब्रासो यांतलं काहीही सोनेरी पाण्याच्या वस्तूला लावायचं नाही. साध्या पितळी बिल्ल्याची गोष्ट वेगळी. शिपायाने तो रोज घासलेला असतो, नक्षी गुळगुळीत झालेली असते, आणि ती झीज त्याच्या नोकरीची खूण आहे. म्हणून आपण आणखी घासायचं नाही. मऊ सुती कापडाने पुसा, सुकवा आणि वर संग्रहालयात वापरतात तसल्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. खाऱ्या हवेशी धातूची गाठ पडू नये, एवढंच त्या मेणाचं काम. लोखंडालाही तेच.

पितळावर हिरवं दिसलं की दोन प्रकार ओळखा. चामड्याला टेकलेल्या जागी मेणासारखं चिकट हिरवं येतं; ते चामड्यातल्या तेलामुळे, बांबूच्या बोथट काडीने हलकेच निघतं. दुसरं फिकट हिरवं, पिठासारखं, पुसलं तरी काही दिवसांत त्याच ठिपक्यावर परत येणारं. ते मिठाचं काम आहे आणि धातूला आतून खातं. अशी वस्तू लगेच वेगळी करा, सिलिका जेलसह कोरड्या डब्यात ठेवा आणि जाणत्या संवर्धकाला दाखवा.

चामड्याला खोबरेल तेल लावायचा मोह कोकणात फार होतो. लावू नका. तेल खवट होतं, बुरशीला खाऊ मिळतो आणि पिकेलहाउबेचं रोगण सुटायला लागतं. बूटपॉलिशही नको. पांढरी बुरशी दिसलीच तर उघडिपीच्या दिवशी, तोंडाला मास्क बांधून, ओटीवर सावलीत मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेला झटका. ओल्या फडक्याने पुसलं तर ती चामड्यात मुरते.

लोकर, बनात (जाड लोकरी कापड) आणि पिसांचे तुरे यांचा शत्रू कसर. डांबरगोळ्या पिसांना लागल्या तर ती खराब होतात, वास जन्मभर जात नाही, आणि घरात लहान मूल असेल तर त्या धोक्याच्याही आहेत. मी तुरा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करते आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये सलग दोन आठवडे ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवायची, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर साचतं, पिसांवर नाही. मधे बराच वेळ वीज गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मासळी असलेला फ्रीजर याला चालत नाही, कारण जुन्या पिसांवर आणि फरवर आर्सेनिकसारखं विष मारलेलं असू शकतं. त्याच कारणाने हाताळताना हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा.

हेल्मेट खुंटीला टांगू नका, कडेवरही उभं करू नका. आतून पूर्ण आधार हवा: डोक्याच्या आकाराचा सुती गादीचा गोळा, धुतलेल्या मांजरपाटात शिवलेला. हनुवटीचा साखळपट्टा ताणून लावायचा नाही, सैल सोडायचा.

नोंदवही आणि दसरा

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या आणि तो वस्तूवर न लिहिता सुती नाडीने बांधलेल्या कागदी चिठ्ठीवर लिहा, पेन्सिलने, कारण शाई ओलीत पसरते. वहीत मापं, ठसे, कुठून आली, किती दिले, कोणी काय सांगितलं, आणि आल्या दिवशीचे फोटो. एक प्रत घराबाहेर असू द्या. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा कागद आणि वस्तू एकाच वेळी गेल्या. म्हणूनच खालचे दोन खण रिकामे ठेवायचे आणि सगळ्यात मोलाचं वरच्या खणात.

कपाट वर्षातून एकदा पूर्ण उघडायचा माझा दिवस दसरा. तोवर पाऊस ओसरलेला असतो. सकाळी उन्हं वर आल्यावर डबे ओटीवर आणते, एकेक झाकण उघडून वहीतल्या गेल्या वर्षीच्या फोटोशी ताडून पाहते, दाण्यांच्या पुरचुंड्या तव्यावर टाकते. शस्त्रपूजेला सासऱ्यांचा क्रॉस बेल्ट आणि बिल्ले पाटावर मांडते. हळद-कुंकू मात्र वस्तूंना लावत नाही. कुंकवाचा डाग पांढऱ्या चामड्यातून निघत नाही आणि हळदीचा बनातीतून. पाटापुढे एक सुपारी ठेवते, गंध-फूल तिला. संध्याकाळी सोनं वाटून झालं की दिवेलागणीच्या आत, हवेत दव उतरायच्या आधी, सगळं परत डब्यांत गेलेलं असतं.